कोंबड्या ठणठणीत, मग अंडी गेली कुठे?

"दादा, कोंबड्या एकदम ठणठणीत आहेत. खातात, पितात, अंगणभर उंडारतात. पण दसऱ्यापासून एक अंडं नाही." ऑक्टोबर लागला की ठाणे-नवी मुंबईतून मला असे फोन सुरू होतात. कधी कळव्याहून, कधी घणसोली गावठाणातून, कधी कोलशेतहून, कधी बेलापूरच्या दिवाळे गावातून. मे महिन्यात दुसरी लाट येते. तेव्हा अंडी येत असतात, पण कवच इतकं पातळ की उचलताना बोट आत जातं. तक्रार कुठलीही असो, पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "कुठलं टॉनिक देऊ?"

टॉनिकचं नंतर बघू. घरामागे पाच-दहा कोंबड्या पाळणाऱ्यांकडे अंडी थांबतात त्याचं कारण बहुधा औषधाच्या बाटलीत सापडत नाही. ते लाकडांच्या ढिगामागे असतं, खाण्याच्या भांड्यात असतं, नाहीतर सरळ भिंतीवरच्या कॅलेंडरात असतं. फक्त शोधताना क्रम सोडायचा नाही आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. खारीगावातल्या एका काकांनी अंडी थांबल्यावर एकाच आठवड्यात खाद्य बदललं, जंताचं औषध दिलं, पाण्यात कॅल्शियमची बाटली ओतली आणि खुराड्यात रात्रभर दिवा लावला. दोनेक महिन्यांनी अंडी सुरू झाली. आता ते भेटेल त्याला त्या बाटलीचं नाव सांगतात. कोंबड्या पिसं टाकत होत्या. काकांनी हातही लावला नसता तरी साधारण तेव्हाच सुरू झाल्या असत्या.

थांबलीत, की सापडत नाहीत?

मोकळ्या सोडलेल्या कोंबडीला अंडी घालायला आपण ठेवलेली पाटी पसंत पडेलच असं नाही. तिला आडोसा हवा, थोडा अंधार हवा आणि माणसाची वर्दळ नको. मग कौलांचा ढीग, पाण्याच्या टाकीमागची सांदट, अळूचं बन, बंद पडलेल्या रिक्षाची मागची सीट असं काहीही चालतं. एकदा जागा धरली की रोज तिथेच. अंडं घातल्यावर ओरडते ना, त्या आवाजावर जाऊ नका. बऱ्याच जणी अंड्यापासून चांगल्या लांब येतात आणि मग घसा मोकळा करतात.

तीन-चार दिवस सगळ्यांना दुपारी बारापर्यंत खुराड्यातच ठेवा, खाणंपाणी आत द्या. बहुतेक अंडी उजाडल्यापासून दुपारपर्यंतच पडतात. कोंडल्यावर पाटीत अंडी दिसू लागली तर निदान झालं. पुढचा आठवडाभर हाच नेम ठेवा आणि पाटीत एक खोटं अंडं टाकून ठेवा. लाकडाचं असेल तर उत्तम, नसेल तर टेबल टेनिसचा चेंडूही चालतो. बाहेरचा जुना साठा सापडला तर प्रत्येक अंडं पाण्यात सोडून बघा. ताजं असेल ते तळाशी आडवं पडतं, शिळं उभं राहतं, तरंगतं ते फेकायचं. अंडं जुनं होतं तसतशी आतली हवेची पोकळी वाढत जाते, म्हणून हा फरक पडतो.

अंडी पडतात पण आपल्या आधी दुसरं कोणी नेतं, हेही आपल्याकडे नेहमीचं. खाडीकाठच्या आणि डोंगराला लागून असलेल्या वस्त्यांत घूस, मुंगूस, घोरपड, नाग, सगळ्यांनाच अंडं प्रिय. खुणा बघा. टोकाला भगदाड पडलेली, आतून चाटून साफ केलेली कवचं विखुरलेली असतील तर मुंगुसाचा संशय घ्या. काहीच मागे नाही, कवचाचा कणही नाही, तर सापाने अख्खं गिळलं असेल किंवा घुशीने बिळाकडे लोटत नेलं असेल. खुराड्याच्या कडेने ताजी उकरलेली माती दिसली की घूस नक्की. कावळा चोच मारून भोक पाडतो आणि भरदिवसा येतो. यावर उपाय एकच, बारीक चौकोनाची वेल्डेड जाळी, तीही जमिनीत वीतभर गाडलेली. चिकन मेश नावाने मिळते ती षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवते, घुशीला बाहेर ठेवत नाही. मुंगूस काय, घोरपड काय, वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, त्यांना मारायचं किंवा पकडायचं नाही. सापासाठी सर्पमित्राला बोलवा. येऊरच्या जंगलाच्या बाजूला राहणाऱ्यांना बिबट्याचं मी नव्याने काय सांगणार. तिथे अंधार पडायच्या आत कोंबड्या पक्क्या दाराआड गेल्या पाहिजेत.

आणखी एक चोर घरातलाच असतो. पाटीतलं गवत एका जागी ओलं चिकट, कवचाचा पत्ता नाही, आणि एखादीच्या चोचीवर सुकलेला पिवळा बलक, म्हणजे कोंबडीच अंडी खाते आहे. याची सुरुवात जवळपास नेहमी फुटलेल्या अंड्यापासून होते. पातळ कवचाचं अंडं पायाखाली फुटतं, एक जण चव घेते, बाकीच्या बघतात. त्यामुळे नुसत्या चोच कापण्याच्या गोष्टी करू नका. दिवसातून दोन-तीनदा अंडी उचला, पाटी अंधाऱ्या कोपऱ्यात न्या, तळाशी जाड गवत घाला, चार-पाच कोंबड्यांमागे एक पाटी ठेवा. आणि मूळ कवचाचा प्रश्न सोडवा. त्याबद्दल खाली बरंच लिहिलंय.

रात्री एकेक कोंबडी हातात घ्या

चोरी नाही, लपवाछपवी नाही हे पक्कं झालं की मगच कोंबडीकडे वळायचं. दिवसा पळापळ होते. रात्री ती काठीवर बसलेली असताना उचला, गप्प राहते. डोकं आपल्या कोपराकडे, शेपटी समोर, पाय बोटांत धरलेले. शेपटीखाली मलद्वाराच्या दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडं लागतात. त्यांच्यामध्ये आपली दोन-तीन बोटं आरामात बसली आणि हाडं लवचीक लागली तर ती अंड्यावर आहे. जेमतेम एक बोट जात असेल आणि हाडं ताठ असतील तर नाही. द्वार बघा: अंडं देणारीचं मोठं, ओलसर, फिकट, थांबलेलीचं आकसलेलं आणि कोरडं. तुरा लाल, भरलेला आणि ऊबदार असेल तर अंड्याची आशा आहे. सुरकुतलेला, फिकट, खवले धरलेला असेल तर सध्या नाही.

ही तपासणी करून अनेकांना कळतं की सहापैकी दोघीच थांबल्यात आणि एक तर कधी सुरूच झाली नव्हती. गावठी तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, सहा महिन्यांची होईपर्यंत, कधी त्याहूनही उशिरापर्यंत वाट बघायला लावते. कावेरी, ग्रामप्रियासारख्या सुधारित जातीच्या थोड्या लवकर अंड्यावर येतात.

बाजारातून 'अंडी देणारी' म्हणून आणलेल्या पांढऱ्या कोंबडीबद्दल एक स्वतंत्र इशारा. लेयर, म्हणजे अंड्यांसाठीच्या कोंबड्या पाळणारे फार्मवाले साधारण दीड वर्षाच्या झालेल्या कोंबड्या विकून टाकतात. त्या टेम्पोतून आपल्याकडे येतात आणि आठवडी बाजारात स्वस्तात मिळतात. देतात अंडी, पण त्यांची भरभराटीची वेळ फार्मवरच सरलेली असते. पायांवरचे खवले खरखरीत झालेले, चोचीचं टोक कापलेलं, पिंजऱ्यात घासून मान उघडी पडलेली दिसली तर वय विचारायचीही गरज नाही.

हातात घेतलीच आहे तर मलद्वाराखालची पिसं फुंकर मारून बाजूला करा. पिसाच्या मुळाशी पांढरट गुठळ्या चिकटलेल्या असतील तर त्या उवांच्या लिखा. रक्त पिणारे बारीक लाल किडे मात्र दिवसा कोंबडीवर नसतात, बसायच्या काठीच्या फटीत लपतात. रात्री टॉर्च घेऊन काठीच्या खालून बोट फिरवा, लाल डाग उमटला तर तेच. काठी, फटी, कोपरे साफ करून पशुवैद्याने सांगितलेलं औषध तिथे मारायचं, आणि अंगणात कोरडी माती नि चुलीची राख मिसळून लोळायला जागा करायची. पावसाळ्यात ही जागा पत्र्याखाली लागते, हे लोक विसरतात.

हिशेब कोणत्या जातीचा लावताय?

ऐरोलीच्या एका वहिनींची तक्रार होती की गावठी कोंबडीने पंधरा अंडी दिली आणि एकदम बंद. वहिनी, गावठी कोंबडी असंच करते. बारा-पंधरा अंड्यांचा डाव घालते, मग खुडूक बसते, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसते. वर्षाला साठ-सत्तर अंडी झाली तरी तिने तिचं काम केलं. कडकनाथचंही फार वेगळं नाही, शंभरच्या आसपास गेली तर खूप. वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते ती फार्मवरची लेयर, आणि तिचं खाणं, उजेड, सगळं मोजून दिलेलं असतं. गावठीकडून रोज अंडं मागणाऱ्याला कुठलंच समस्या निवारण पुरणार नाही.

खुडूक ओळखायला सोपी. दिवसभर पाटीत चिकटून बसते, हात घातला की फुगते, चोच मारते, छातीखालची पिसं स्वतःच उपटलेली असतात. पिल्लं हवी असतील तर खाली फलित अंडी ठेवा आणि एकवीस दिवस तिला तिचं काम करू द्या. नको असतील तर तिला जाळीच्या तळाच्या, जमिनीपासून उंच ठेवलेल्या पिंजऱ्यात, खाणंपाण्यासकट तीन-चार दिवस ठेवा. पोटाखाली वारा लागला, ऊब मोडली की खुडूक उतरते; अंड्याला मात्र आणखी एक-दोन आठवडे लागतात. बादलीत बुडवणं, नाकात पीस खुपसणं हे आजीच्या काळचे प्रकार अजून चालतात. भर पावसात बुडवलेली कोंबडी न्यूमोनियाने गेली तर खुडूक गेली असं म्हणायचं का?

कोंबडा नाही म्हणून अंडी नाहीत, हेही ऐकू येतं. कोंबडा पिल्लांसाठी लागतो, अंड्यांसाठी नाही. गटारीला कोंबडा कापला आणि श्रावणात अंडी बंद झाली, यात कोंबड्याचा संबंध शून्य. त्या दिवसांत बाकी काय काय बदललं ते बघा.

दसरा ते संक्रांत

आता ऑक्टोबरच्या फोनांकडे येतो. कोंबडीच्या अंड्याचं चक्र उजेडावर चालतं. डोळ्यांतून आणि कवटीतून मेंदूपर्यंत पोचणारा उजेड चौदा-सोळा तास मिळाला तर ती पुऱ्या जोरात देते. ठाण्याला जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरच्या शेवटी अकराचा. म्हणजे जूनअखेरपासून दिवस आखडत जातो आणि दसऱ्याच्या सुमाराला वर्षाची जुनी पिसं टाकायची वेळही येते. आधी मान, मग पाठ, मग पंख नि शेपूट. खुराड्यात उशी फाटल्यासारखी पिसं, आणि कोंबडी अशी भकास दिसते की घरच्यांना वाटतं आता ही मरणार.

मरत नाही. पीस हे जवळजवळ सगळं प्रथिनच असतं, तेव्हा शरीर अंड्याचा कारखाना बंद करून सगळा माल पिसांकडे वळवतं. दोन ते तीन महिने यात जातात. या काळात तिला उचलू-दाबू नका, नवी कोंब फुटलेली पिसं दुखतात. प्रथिन वाढवा. त्यासाठी आपल्याकडे सोन्यासारखी सोय आहे: जवळा. बिनमिठाचा सुका जवळा, नाहीतर धुऊन खारटपणा काढलेला, रोज कोंबडीमागे चिमूट-दोन चिमूट. मूठभर घालू नका, अंड्याला वास येतो आणि मग घरात ऑम्लेट कोणी खात नाही.

दिवा लावायचा का? सुधारित जातीच्या कोंबड्या असतील, पिसं येऊन झाली असतील आणि अंडी विकत असाल तर लावा. पाच-सात वॉटचा पिवळ्या उजेडाचा एलईडी पुरतो. तो पहाटे लावायचा, संध्याकाळी नाही. संध्याकाळी दिवा अचानक विझला की कोंबड्या जिथल्या तिथे अडकतात, काठी सापडत नाही. पहाटे लावला तर उजाडेपर्यंत काही प्रश्नच नाही. टायमर घ्या, आठवड्याला अर्धा तास वाढवत न्या, एकूण चौदा-पंधरा तासांवर थांबा. रात्रभर जळता दिवा नको. गावठीसाठी मात्र मी कोणालाच दिवा सुचवत नाही. तिला वर्षातून दोन-तीन महिने विश्रांती घेऊ द्यावी, संक्रांतीनंतर दिवस वाढला की आपोआप सुरू होते.

या मोसमात आणखी एक गोष्ट घडते. गणपतीचे ढोल, मग दिवाळीचे फटाके. दचकलेल्या कोंबडीचं अंडं वेळेआधी बाहेर पडतं, कवचाविना, नुसत्या कातडीतलं, किंवा आतच थांबून कवचावर जादा थर चढवून येतं. फटाक्यांच्या दुसऱ्या दिवशी एखादं असं मऊ अंडं दिसलं तर काही करू नका. आठवडाभर चालू राहिलं तर पुढे वाचा.

कवच कशाचं बनतं

पातळ कवच हा या सगळ्यातला सर्वात वारंवार येणारा आणि सर्वात चुकीच्या पद्धतीने हाताळला जाणारा प्रश्न. हिशेब सरळ आहे. कवच म्हणजे जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट. एका अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. खाल्लेल्या कॅल्शियमपैकी निम्म्याच्या आसपास अंगी लागतं, म्हणजे रोज अंडं देणाऱ्या कोंबडीला रोज चार ग्रॅम लागणार. लेयर खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं. ती दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाते, हिशेब बसतो.

आता आपल्या अंगणातली ताटली बघा. रात्रीचा उरलेला भात, चपातीचे तुकडे, वाशीच्या धान्य बाजारातून आणलेली कणी. तांदळात शंभर ग्रॅममागे कॅल्शियम जेमतेम दहा मिलिग्रॅम, आणि प्रथिन सात टक्के. तिला हवं सोळा-सतरा. भातावर पोट भरलेली कोंबडी लेयर खाद्याकडे बघत नाही, तिला वाटतं जेवण झालं. पोसलेली दिसते, गुबगुबीत होते, आणि आपण म्हणतो, "एवढं खाते तरी अंडं का देत नाही?" नुसतं भातावर ठेवलेल्या कोंबडीने पहिले काही दिवस चांगलं कवच दिलं तर ते ती हाडांतून काढून देत असते. मग कवच पातळ होतं, मग अंडं थांबतं, आणि फारच ताणलं तर पाय लटपटायला लागतात.

दुसरी गल्लत ब्रॉयलरच्या खाद्याची. जवळच्या दुकानात तेच मिळतं म्हणून लोक ब्रॉयलर फिनिशर आणतात. ते मांस वाढवण्यासाठी बनवलेलं असतं, कॅल्शियम एक टक्क्याच्या आसपास. पोतं घेताना लेबलवर 'लेयर' शब्द आणि कॅल्शियमचा आकडा बघा. उलटी चूकही करू नका: लेयर खाद्य लहान पिल्लांना आणि अंड्यावर न आलेल्या तलंगांना देऊ नये, इतकं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडाला बाधतं.

उपाय स्वस्त आहे. सकाळी लेयर खाद्य, पोटभर. भात, भाजीचे देठ, कणी यांना दुपारनंतर जागा, तेही एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्श्याइतकं. आणि वेगळ्या वाटीत, खाद्यात न मिसळता, शिंपल्याचा जाडसर चुरा. वेगळ्या वाटीत अशासाठी की जिला गरज आहे ती हवा तेवढा उचलते. न देणारी आणि कोंबडा सहसा तिकडे वळत नाहीत.

जाडसर हा शब्द महत्त्वाचा. कवच चढायला वीसेक तास लागतात आणि त्यातला बराचसा भाग रात्री होतो, जेव्हा कोंबडी काही खात नसते. पीठ असलेलं कॅल्शियम तोवर पोटातून निघून जातं. साबुदाण्याएवढे किंवा थोडे मोठे तुकडे पोट्यात, म्हणजे चिकनवाल्याकडे कलेजीबरोबर मिळतो तो कडक भाग, त्यात अडकून राहतात आणि रात्रभर हळूहळू झिजत पुरवठा करत राहतात. म्हणूनच ही वाटी दुपारी चारच्या सुमाराला भरलेली असली पाहिजे. पाण्यात ओतलेलं पातळ कॅल्शियम सकाळी पोटात गेलं तर रात्रीपर्यंत त्याचं काय उरणार?

ठाणे-नवी मुंबईत शिंपले विकत घ्यायची वेळ यायला नको. कोळीवाड्यात, किंवा आपल्याच घरी तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) केल्या की टोपलीभर कवचं निघतात. मसाल्याच्या कालवणातली नकोत. नुसत्या उकडून मांस काढून घेतलेल्या तिसऱ्यांची कवचं धुवा, चांगल्या उन्हात कडक वाळवा, गोणपाटात गुंडाळून वरवंट्याने ठेचा. धारदार सुया निघाल्या तर चाळून पुन्हा ठेचा. खाडीच्या चिखलातून वेचलेली जुनी कवचं मात्र मी वापरायला सांगणार नाही, ठाण्याच्या खाडीत काय काय सोडलं जातं ते सगळ्यांना माहीत आहे. अंड्याची टरफलंही चालतात, पण वाळवून, तव्यावर शेकून, ओळखू येणार नाहीत इतकी चुरून. अर्धं टरफल तसंच टाकलंत तर अंडी खायची शिकवणी तुम्हीच घेतलीत.

आठवडा-दोन आठवडे हे केल्यावर कवच सुधारलं नाही, तर ऊन आणि आजार यांच्याकडे वळा.

मे महिना

कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून लांब धरते. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो आणि कवचाला लागणारा कार्बोनेटचा कच्चा माल कमी पडतो. वर उष्म्याने खाणंही घटतं. त्यामुळे मे महिन्यात वाटीत शिंपले असूनही कवच पातळ येतं.

इथे घाटावरचे उपाय जसेच्या तसे उचलू नका. जुन्नर-नारायणगावकडे कोरड्या हवेत खुराड्याभोवती ओलं गोणपाट लावलं की थंडावा येतो. आपल्याकडे हवा आधीच ओली, पाणी वाळतच नाही. ओल्या गोणपाटाने बंद केलेलं खुराडं दुपारी वाफेचा डबा होतं. आपल्याला हवा खेळती ठेवायची आहे. दोन बाजूंनी उघडी जाळी, पत्र्यावर झावळ्या किंवा गवत, जमलं तर टेबलफॅन. पाणी सावलीत, दिवसातून तीनदा बदललेलं. एरवी पाव लिटर पिणारी कोंबडी अशा दिवसांत दुप्पट पिते. टाकीवरून आलेल्या पाइपातलं पाणी दुपारी कढत असतं, ते ती पीत नाही. बाटलीत पाणी गोठवून भांड्यात उभी करा. खाद्य पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्या, भर दुपारी नाही. खाल्लेलं पचताना अंगात उष्णता वाढते.

जून ते सप्टेंबर, थोडक्यात

पावसाळ्यात अंडी कमी होण्यामागे बहुधा दोनच गोष्टी असतात. एक, पोत्याला लागलेली बुरशी. खाद्याच्या गुठळ्या झाल्या, कुबट वास आला की पोतं फेका. उन्हात वाळवून पुन्हा घालू नका, बुरशीचं विष उन्हाने जात नाही. पोतं विटांवर किंवा फळीवर ठेवा, भिंतीला टेकवू नका, महिनाभरापेक्षा जास्त साठा करू नका. दोन, खुराड्यात अंथरलेलं ओलं तूस. मुठीत घेऊन दाबलं आणि लाडू राहिला तर बदला. ओल्या उबदार गादीत रक्ती हगवणीचे जंतू एक-दोन दिवसांत तयार होतात; मोठ्या कोंबड्या बऱ्याचदा निभावतात, दोन महिन्यांच्या आतली पिल्लं पटापट जातात. विष्ठेत रक्त दिसलं की त्याच दिवशी पशुवैद्य.

इथे थांबून बघत बसायचं नाही

अंडी एकदम बंद आणि सोबत हिरवट जुलाब, मान वाकडी होणं, घरघर, डोकं किंवा तुरा सुजून निळसर होणं, किंवा लागोपाठ मरतूक, यातलं काही दिसलं तर वरचं सगळं बाजूला ठेवा. मानमोडी असू शकते, तिच्यावर औषध नाही, लस आहे, आणि ती आधी द्यावी लागते. बर्ड फ्लूही असू शकतो. आपल्याच जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत फेब्रुवारी २०२२ मध्ये तो निघाला होता, हजारो पक्षी नष्ट करावे लागले. पशुसंवर्धनाच्या १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन करा. आजारी पक्षी वेगळा काढा, मेलेला हाताने उचलू नका, खाडीत किंवा कचराकुंडीत टाकू नका, आणि "मरायच्या आत कापून घेऊ" हा विचार तर नकोच. खाडीजवळ राहणाऱ्यांनी एरवीही कोंबड्यांचं खाणंपाणी छपराखाली ठेवावं, रानबदकं आणि बगळे त्यात तोंड घालणार नाहीत असं.

एक जण पेंगळून पाटीत उभी, शेपटी खाली, सारखी कुंथते आहे, पोट कडक, तर अंडं अडकलंय. कोमट पाण्यात कमरेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं बसवा, अंधाऱ्या ऊबदार जागी ठेवा. त्या दिवशी सुटलं नाही तर डॉक्टर. आत बोट घालून अंडं फोडायला जाऊ नका.

अँटिबायोटिकची पावडर 'असावी म्हणून' घरात ठेवायची सवय वाईट. ती अंड्यात उतरते आणि ती अंडी आपलीच पोरं खातात.

डॉक्टरला किंवा जाणत्या माणसाला विचारताना एवढं सांगा: जात कुठली, वय किती, कधीपासून थांबलं, सगळ्यांचं की एखादीचं, खायला नेमकं काय देता (भात धरून, लपवू नका), पिसं पडतायत का, शेवटची लस कधी. आणि फोटो पाठवणार असाल तर कोंबडीच्या चेहऱ्याचा एकटा नको, सकाळच्या ताज्या विष्ठेचाही पाठवा, उजेडात काढलेला.